अग्निवीरांची शपथही तीच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या तालुक्यातल्या माजी सैनिक संघटनेच्या मागच्या बैठकीत एका विषयावर बराच वाद झाला. अग्निपथ योजनेतून २०२३ च्या सुरुवातीला चार वर्षांसाठी लष्करात दाखल झालेल्या अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीची चार वर्षं भरत आली आहेत. त्यांतली जास्तीत जास्त पंचवीस टक्के पोरं पुढे कायम होतील, बाकीची घरी येतील. ती आल्यावर त्यांना संघटनेत सभासद करून घ्यायचं का, असा प्रश्न निघाला. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "चार वर्षांत कुठं फौजी होतोय? आमची चार वर्षं नुसती पलटण समजण्यात गेली." बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मला ते बोलणं लागलं. या सहकाऱ्यांबद्दल माझ्या मनात आदर आहे, म्हणूनच हे जाहीरपणे लिहितो आहे.

मी मराठा लाईट इन्फंट्रीचा. १९८५ ला भरती झालो, बेळगावच्या सेंटरला ट्रेनिंग केलं. फेब्रुवारीत आमची कसम परेड, म्हणजे शपथ घ्यायची परेड झाली. घरी ज्वारीची काढणी चालू होती म्हणून वडील येऊ शकले नाहीत. उस्तादांनी, म्हणजे ट्रेनिंग देणाऱ्यांनी, आदल्या रात्री बूट तीन वेळा परत पॉलिश करायला लावले होते. परेड ग्राउंडवर तिरंगा होता, पंडितजी गीता घेऊन उभे होते, आणि जे शब्द सांगितले जात होते ते आम्ही मोठ्या आवाजात मागून म्हणत होतो. त्या शब्दांचं वजन तेव्हा कळलं असं मी म्हणणार नाही. एकोणीस वर्षांच्या पोराला ते कसं कळावं? पण ट्रेनिंगमध्ये आमच्या बरोबरीचं कुणी गळालं की "गावी गेला" म्हणायचो, आणि कसम झाल्यावर मात्र उस्ताद आम्हाला पहिल्यांदा "जवान" म्हणाले, हे पक्कं आठवतं.

शपथेत काय असावं हे लष्कर कायदा, १९५० च्या कलम १७ मध्ये दिलेलं आहे. कायद्याने स्थापित झालेल्या भारतीय संविधानाशी खरी निष्ठा राखायची. जमिनीवरून, समुद्रातून किंवा हवेतून, जिथे हुकूम होईल तिथे जायचं. वरिष्ठांचे सगळे हुकूम जिवावर बेतलं तरी पाळायचे. शपथ घेतल्याची नोंद भरतीच्या कागदावर होते आणि शपथ देणारा अधिकारी त्यावर सही करतो. नोकरी किती वर्षांची, हे भरतीच्या अटींमध्ये असतं. शपथेत वर्षांचा आकडा नाही. अठ्ठावीस वर्षं काढणारा सुभेदार आणि चार वर्षांनी घरी येणारा अग्निवीर यांच्या तोंडचे शब्द एकच आहेत.

समुद्र मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला तो मद्रासला, शांतिसेनेतून श्रीलंकेला जाणाऱ्या जहाजावर चढताना. त्या मोहिमेबद्दल देशात मतमतांतरं होती, आजही आहेत. १९८७ ते १९९० या काळात आपले अकराशेहून अधिक जवान तिथे कामी आले. ही लढाई मला पटते का, हे आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, आणि शपथ घेतल्यावर ते विचारायचंही नसतं. "समुद्रातून" या शब्दाचा अर्थ मला त्या डेकवर, उलट्या काढत असलेल्या सोबत्यांमध्ये बसून समजला.

आता अग्निवीरांचं बघा. बुलढाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनमध्ये ड्यूटीवर असताना गेला. त्याला लष्करात येऊन वर्षही झालं नव्हतं. "जिवावर बेतलं तरी" हे शब्द त्याने पूर्ण पाळले. त्याला कुणी सांगेल का, की तू अर्धा फौजी होतास?

आमच्या जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाला लोक मिलिटरी अपशिंगे म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जवान कामी आले. त्यांची शपथ इंग्लंडच्या राजाची होती. आमची संविधानाची आहे, आणि शपथेत संविधान सगळ्यात आधी येतं, हुकूम नंतर. निवृत्तीनंतर हुकूम देणारं कुणी उरत नाही. संविधान उरतं.

याचा मला प्रत्यक्ष उपयोग झाला, तो सांगतो. निवृत्त होऊन वर्षभर झालं असेल. एक ओळखीचे गृहस्थ घरी आले. एका जमिनीचा ताबा घ्यायचा होता, कोर्टात निकाल लागलेला नव्हता. म्हणाले, "सुभेदार साहेब, तुम्ही काही करू नका, फक्त मेडल लावून आणि बंदूक घेऊन उभे राहा. लोक आपोआप बाजूला होतील." रक्कमही चांगली सांगितली, आणि मुलीचं लग्न तोंडावर होतं. मी त्यांना चहा दिला आणि सांगितलं की ज्या कायद्याची मी शपथ घेतलीय, त्याच्या विरोधात ही मेडलं लावून उभा राहणार नाही. ते रागावून गेले. पुढे दोन लग्नकार्यांत माझ्याशी बोलले नाहीत.

मी तेव्हा पंचेचाळिशीतला होतो, पेन्शन चालू होती, मागे पलटणीतली माणसं होती. बावीस-तेवीस वर्षांचा अग्निवीर घरी येईल तेव्हा त्याला पेन्शन नसेल. हातात सेवा निधीचे, म्हणजे चार वर्षांनंतर एकदम मिळणारे साधारण पावणेबारा लाख, शरीर तयार, हत्यार चालवायचं शिक्षण पुरं झालेलं. अशा पोराच्या दारात कोण कोण येऊन उभं राहील, हे गावात राहणाऱ्याला सांगायची गरज नाही. ताबेवाले येतील, निवडणुकीत माणसं फिरवणारे येतील, वाळूवालेही येतील. आणि नेमकं तेव्हा आपण, ज्यांना ही शपथ ठाऊक आहे, त्याला म्हणायचं की तू आमच्यातला नाहीस? योजना बरी की वाईट यावर माझं मत आहे, पण ते पुन्हा कधी तरी. पोरांनी योजना केलेली नाही, त्यांनी शपथ घेतली आहे.

पुढच्या बैठकीत मी दोन ठराव मांडणार आहे. चार वर्षं पूर्ण करून येणाऱ्या प्रत्येक अग्निवीराला वर्गणी न घेता सभासद करून घ्यावं, आणि गावागणिक एका जुन्या फौजीने त्याच्याकडे पहिलं वर्ष लक्ष द्यावं: पोलीस भरती, बँकेतली सुरक्षारक्षकाची नोकरी, शिक्षण पुरं करणं, जे जमेल त्यात. दुसरा ठराव १४ जानेवारीच्या माजी सैनिक दिनाचा. शाल-श्रीफळ आणि भाषणं होतातच. त्याआधी सगळ्यांनी उभं राहून शपथ पुन्हा म्हणावी, जुन्यांनी आणि नव्यांनी एकत्र. इतर तालुक्यांतल्या संघटनांनीही हे विषय आपल्या बैठकीत घ्यावेत, अशी आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती करतो.

आपला,
एक निवृत्त सुभेदार
ता. कोरेगाव, जि. सातारा