विषय : शिलाईविना कुशनचा किट, फोम आणि कापड दोन्ही सांगितल्यासारखे नाहीत, पैसे परत मिळण्याबाबत

प्रति,
ग्राहक तक्रार अधिकारी

नमस्कार,

तुमच्याकडून मी बाकावर घालायच्या कुशनचा किट मागवला होता, 48 बाय 18 इंच, 3 इंच जाडी, 40 डेन्सिटीचा फोम, सोबत वॅडिंगची शीट (फोमवर घालायचा मऊ कापसासारखा थर), कापड आणि इस्त्रीने चिकटवायची टेप, किंमत 2,450 रुपये. मशीन नको टेलर नको, घरीच दोन तासांत कुशन तयार असं तुम्ही लिहिलंय, आणि माझ्याकडे मशीन नाही म्हणूनच मी तो घेतला.

आमच्या गॅलरीत गावच्या घराच्या पडवीतलं जुनं सागवानी बाकडं आहे. बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते खाली बसू शकत नाहीत, सकाळचा पेपर, चहा, औषधाच्या गोळ्या सगळं त्या बाकड्यावरच चालतं. नुसत्या लाकडावर अर्धा तास बसलं की त्यांना कंबर धरून उठावं लागतं, आणि बाकडं बुटकं असल्यामुळे उठताना गुडघ्यावर जोर येतो. म्हणून मला 3 इंचच पाहिजे होता आणि दाबल्यावर बसून न जाणारा पाहिजे होता, हौस म्हणून नाही.

पार्सल शनिवारी संध्याकाळी आलं. फोम हवा काढून गुंडाळलेला होता, त्यात ठेवलेल्या कागदावर लिहिलं होतं की पॅक उघडून सपाट ठेवा, पूर्ण फुगायला 72 तास लागतात. मी तसंच केलं, बेडरूममध्ये जमिनीवर पसरून ठेवला, मंगळवारी संध्याकाळपर्यंत त्याला कोणी हातसुद्धा लावला नाही. मंगळवारी रात्री मोजायची टेप लावून जाडी मोजली तर अडीच इंच. चार ठिकाणी मोजला, सगळीकडे अडीच. तुमच्या हेल्पलाइनला फोन केला तर ताई म्हणाल्या अजून एक रात्र थांबा मॅडम, येतो वर. थांबले. बुधवारी सकाळी अडीचच होता, म्हणून रिटर्न टाकायला गेले तर मुदत संपलेली, कारण रिटर्नची मुदत 3 दिवस आणि ती मंगळवारीच संपली. म्हणजे तुमचाच कागद सांगतो 72 तास थांबा आणि तुमचाच नियम सांगतो 72 तासांनंतर परत घेणार नाही. मग ग्राहकाने फोम तपासायचा कधी? हे मला तुमच्याकडून लेखी कळलं पाहिजे.

मेलला उत्तर आलं की पॅक उघडलेला आहे, हायजिनच्या कारणाने परत घेता येत नाही. अहो पण पॅक उघडल्याशिवाय फोम फुगणार कसा आणि कुशन होणार कसं?

मग मी तो फोम घेऊन आमच्या इथल्या गादीवाल्या काकांकडे गेले. त्यांनी अंगठ्याने दाबला आणि लगेच म्हणाले, ताई हा 40चा नाही. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, हे त्यांनीच मला समजावून सांगितलं. त्या हिशोबाने 48 बाय 18 बाय 3 इंचाचा 40 डेन्सिटीचा तुकडा साधारण 1.7 किलो भरायला पाहिजे, अडीच इंचाचा धरला तरी 1.4 किलो. काकांच्या काट्यावर तो 890 ग्रॅम भरला, म्हणजे 25च्या आसपासचा. काट्याचा फोटो आणि टेपने मोजतानाचे चार फोटो सोबत जोडलेत. बाबांना त्यावर एकदा बसवून पाहिलं, दोन मिनिटांत त्यांना खालच्या फळ्या लागायला लागल्या.

आता कापड आणि टेपचं. कागदावर लिहिलंय की कडा दुमडून मध्ये टेप ठेवा, इस्त्री कॉटनवर ठेवून 10 सेकंद दाबा. आणि कापडाच्या कडेच्या लेबलवर 100 टक्के पॉलिएस्टर आणि इस्त्रीच्या चिन्हात एकच ठिपका, म्हणजे अगदी कमी गरम इस्त्री. नशीब की मी आधी एका कोपऱ्यावर करून बघितलं. कापड इस्त्रीला चिकटलं, आक्रसलं आणि तिथे चकचकीत कडक डाग पडला. इस्त्री कमी केली तर टेप वितळतच नाही, थंड झाल्यावर नखाने ओढली की सगळी शिवण, म्हणजे शिवण नाहीच ती, जी काय चिकटपट्टी आहे ती पूर्ण सुटून येते. दोन्ही वस्तू एकाच बॉक्समध्ये देताना एकदा तरी कोणी इस्त्री लावून बघितली का?

मला हे काम जमलं नाही असं कृपया म्हणू नका. त्याच आठवड्यात मी काकांकडून 40चा फोम कापून आणला, हार्डवेअरवाल्याकडून बाकड्याच्या मापाचं प्लायवूड कापून घेतलं, शेजाऱ्यांची स्टेपल गन आणली आणि घरातली सोलापुरी चादर वापरली. चादर उलटी पसरून त्यावर वॅडिंग, मग फोम, मग प्लाय, आणि चारी बाजूंना आधी मधोमध एकेक पिन, मग मधून कोपऱ्याकडे ताणत जायचं, कोपरे सगळ्यात शेवटी पार्सलसारखे दुमडून. पहिल्या कोपऱ्याला चुण्या पडल्या तर पिना काढून परत केला. दोन तासांच्या आत झालं, एकही टाका न घालता, आणि बाबा रोज त्यावर बसतायत. म्हणजे शिलाईविना कुशन होतं, फक्त माल बरोबर पाहिजे. तुमच्या किटमधली एक वॅडिंगची शीट तेवढी कामाची होती, ती मी वापरली, तिचे पैसे कापून घ्या माझी हरकत नाही.

माझं म्हणणं इतकंच आहे की पैसे परत करा आणि फोम घेऊन जा. फोम कापलेला नाही, बेडखाली गुंडाळून ठेवलाय. कापडाचा एक कोपरा जळलेला आहे तो तुमच्या कागदाप्रमाणे केल्यामुळे. दुसरं, त्या पेजवरचं 40 डेन्सिटी आणि 3 इंच दोन्ही दुरुस्त करा, आणि रिटर्नची मुदत फोम फुगून झाल्यावर सुरू होईल अशी ठेवा, कारण माझ्यासारखे किती जण ते 72 तास थांबून अडकले असतील.

2020च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे जाहिरातीत सांगितल्यासारखी वस्तू नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही, आणि तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच देऊन एका महिन्यात तक्रार सोडवायची असते. तुमच्याकडून तसं झालं नाही तर मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही.

पिकअपला माणूस पाठवाल तेव्हा संध्याकाळी 6 नंतर पाठवा. दुपारी बाबा घरी एकटे असतात, त्यांना बाकड्यावरून उठून दारापर्यंत यायला वेळ लागतो, तरी चुकून दुपारी आलाच तर बेल वाजवून लगेच निघून जाऊ नका असं त्याला सांगा.

आपली ग्राहक,
सांगली

सोबत : बिल, मापाचे आणि वजनाचे फोटो, कापडाच्या लेबलचा फोटो, बॉक्समधला सूचनांचा कागद