डोळ्यांना जरा वेळ द्या की!

संपादक, नमस्कार,

रविवारच्या पुरवणीतला लाईट शोवरचा लेख वाचला. चांगलाय, पण सगळी उदाहरणं प्रोजेक्टरने भिंतीवर चित्रं फिरवणाऱ्या शोंचीच, म्हणजे जायचं, सेल्फी काढायचा, निघायचं. उजेडातूनच कलाकृती घडवणाऱ्या जेम्स टरेलचं नावसुद्धा नाही, म्हणून हे लिहितोय.

मी आणि आई जपानला नाओशिमा बेटावर गेलो होतो, ऊनो बंदरातून फेरीने वीसेक मिनिटं लागतात. तिथे होनमुरा भागात 'मिनामीदेरा' आहे, पूर्वी त्या जागी देऊळ होतं, आता वास्तुरचनाकार ताडाओ आंदोने बांधलेली काळ्या जळक्या लाकडाची इमारत आणि आत टरेलचं 1999 सालचं काम. आत मिट्ट काळोख. भिंतीला हात लावत चाचपडत जायचं आणि बाकावर गप्प बसायचं. आई कुजबुजली, "लाईट गेलेत का रे?" पाच मिनिटं झाली, सात झाली, मला वाटायला लागलं पैसे पाण्यात गेले, आणि मग समोर करडा धुरकट चौकोन दिसायला लागला. आधी वाटलं भास होतोय. मग उठून जवळ जायला सांगितलं, आई पडदा समजून हात लावायला गेली तर हात सरळ आत, पडदा नव्हताच, नुसती पोकळी! (गुपित फोडलं, सॉरी.)

गंमत म्हणजे उजेड कोणी वाढवलेला नव्हता. पहिल्यापासून तेवढाच होता, आपले डोळे उशिरा जागे झाले. बाहुली लगेच मोठी होते पण डोळ्याच्या पडद्याला अंधार पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. आई म्हणाली, "आमच्या गाभाऱ्यात असंच होतं, उन्हातून आत गेलं की आधी समईच दिसते, देव मागाहून."

आपल्या मुंबईत जन्मलेल्या शिल्पकार अनिश कपूरचं तर विचारूच नका. 2018 मध्ये पोर्तुगालच्या पोर्तो शहरात त्याच्या 'डिसेंट इनटू लिंबो' या कलाकृतीतल्या खड्ड्यात एक माणूस खरोखर पडला, खड्डा अडीच मीटर खोल पण आतून इतका काळा की जमिनीवर काळा गोल रंगवलाय असंच वाटतं.

आणि आपल्याकडे? मागच्या वर्षी एका शोला आम्हाला चार मिनिटांत "चला चला, पुढची बॅच" करून बाहेर काढलं. पुढच्या वेळी लेखात तिकिटाच्या किमतीशेजारी आत किती वेळ बसू देतात तेही छापा.

एक वाचक, ठाणे