काळ्यावर काळं

येवला, रविवार

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर मी बोलायला लागलो की तू नुसतं "हो पप्पा, हो पप्पा" करतेस, म्हणून लिहायला बसलो. चष्म्याचा नंबर वाढला, रात्री डोकं ठणकतं, हे तू आईला सांगितलंस आणि वर पप्पांना सांगू नको म्हणालीस. आपल्या घरात कुठली गोष्ट दोन दिवस तरी लपते का? असो. त्यावर मी काही बोलणार नाही. मला तुझ्या कामाबद्दल लिहायचं आहे.

तू पाठवलेला फोटो कोपऱ्यावरच्या स्टुडिओतून मोठा काढून आणला. काळ्या ताण्यावर, उभ्या धाग्यांवर, काळ्याच रेशमाची असावलीची फुलवेल! वेलीच्या बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, पीळ कमी दिलास, म्हणून ती चमकते. नाहीतर दिसलीच नसती. आईने बघताक्षणी ओळखलं. म्हणाली, ही माझ्या पहिल्या संक्रांतीची चंद्रकळा, पोरीने फक्त लाल काठ काढून टाकलाय. ती चंद्रकळा अण्णांनी विणली होती, आणि दिवसा विणली होती. काळा ताणा दिव्याखाली विणायचा नाही, हा त्यांचा दंडक. तुटलेला धागा दिसत नाही, माणूस पुढे पुढे वाकत जातो. बाकीचे रंग मात्र त्यांनी लगीनसराईत रात्र रात्र विणले. शेवटी शेवटी त्यांना काठावरची मुनिया, ते छोटे पोपट, बोटांनी चाचपावी लागायची. तू लहान होतीस, पण तुला आठवत असेल.

आता त्या फटींबद्दल. आपण दोन बाणे जिथे भेटतात तिथे एकमेकांत अडकवून माघारी फिरवतो, म्हणून तर पैठणी उलटसुलट सारखी. तू वेलीच्या कडेला ते मुद्दाम अडकवलेच नाहीत. मी शिकाऊ असताना अशी फट राहिली की अण्णा तेवढं सगळं उसवायला लावायचे. त्यामुळे फोटो पाहून आधी माझा हात शिवशिवला. मग लक्षात आलं, कापड तू खिडकीत टांगलं आहेस आणि फटींतून ऊन आत आलंय. वेलीची सगळी कड उजेडाची झाली आहे. हे आमच्यापैकी कुणाला सुचलं नसतं. परवा व्यापारी आले होते, त्यांनाही दाखवला. म्हणाले, हे नेसणार कोण? मी म्हटलं, नेसायला आम्ही विणतोच आहोत.

अहमदाबादला आलो तेव्हा तू आम्हाला कॅलिको म्युझियममध्ये नेलंस. तिथल्या पाटण पटोल्यासमोरून मी हलत नव्हतो. ताणा आणि बाणा दोन्ही आधी बांधून रंगवायचे आणि मग मागावर नक्षीला नक्षी जुळवायची, केवढा धीर हवा! परतीच्या वाटेवर तू त्या विणकर ॲनी अल्बर्सबाईंबद्दल सांगत होतीस. 1922 मध्ये जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत शिकायला गेल्या, तिथे मुलींना विणकामाच्याच वर्गाकडे वळवत. आणि 1949 मध्ये त्यांच्या एकटीच्या विणकामाचं प्रदर्शन न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये भरलं. तू मोबाइलवर पेरूची जुनी कापडं दाखवलीस, ज्यांच्यावर त्यांचा जीव होता. त्यातही प्रत्येक रंगाचा बाणा आपापल्या जागेपुरता जाऊन माघारी वळतो, थेट आपल्यासारखा. त्या रात्री गाडीत मला झोप आली नाही. एवढ्या लांब, कुणी कुणाला शिकवलेलं नसताना! पण एक मात्र तूच सांगितलंस, साठी उलटल्यावर बाईंनी माग सोडला आणि छपाई धरली. साठी उलटल्यावर, ताई. तू बाविशीची आहेस.

तर ऐक. ताण्याखाली पांढरं कापड अंथर, काळे धागे मोजता येतात. माग खिडकीजवळ घे. सकाळी सहाला उठ आणि अकरापर्यंत बारीक काम उरकून टाक. रात्री कांड्या भर, रेखाटनं कर, झोप. परीक्षा आहे, सबमिशन आहे, सगळं मला कळतं. पण रात्री दोन वाजता विणलेलं सकाळी उसवावं लागतं. आत्या गाजराचा रस सांगेल, तो पी हवा तर, पण डॉक्टरांकडे आधी जा.

पुन्हा उपदेशच झाला. माफ कर. तू चौथीत असताना माझ्या मागाखालच्या खड्ड्यात बसून रेशमाचे तुकडे गोळा करायचीस आणि बिस्किटाच्या डब्यात रंगवार लावायचीस. जांभळा आणि वांगी एकत्र झाले की भांडायचीस. मला त्यातला फरक दिसायचा नाही, तुला दिसायचा. म्हणून तुला तिकडे पाठवताना शेताचा तुकडा गेला त्याचं मला काही वाटलं नाही. ही नजर जपायची आहे, एवढंच.

तो डबा माळ्यावर आहे, आईने पुसून ठेवलाय. संक्रांतीला तीन दिवस काढून ये. धाकट्याने मांजा गुंडाळायची नवी आसारी केली आहे, पतंगांचे बेत आत्तापासून सुरू आहेत. काळं रेशीम अर्धा किलो पार्सल केलंय, शुक्रवारपर्यंत पोचेल.

तुझे
पप्पा

ता.क. लांब फटीच्या कडेचा ताणा ढिला पडतो, कापड टांगलं की तिथेच ताणलं जाईल. दर चार बोटांवर एकदा बाणे एकमेकांत अडकवून घे, उजेड तेवढाच येईल. पण हे दिवसा कर.