उंबरठ्याच्या आत कमिटीचे काय काम?

महोदय,

जून उजाडला की सोसायट्यांमध्ये भाडेकरू बदलतात आणि कमिटीच्या बैठकीत तेच विषय पुन्हा निघतात. बॅचलर मुलांना फ्लॅट द्यायचा का? लग्न न केलेले जोडपे चालेल का? मासे-मटण खाणाऱ्यांचे काय करायचे? ठराव होतो, 'सर्वानुमते मंजूर' असा शेरा पडतो आणि फ्लॅटमालकाला फोन जातो. अशा ठरावांमागे कायद्याचे पाठबळ नसते, हे बऱ्याच सेक्रेटरींना ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक असते, ते गप्प बसतात.

सभेचा ठराव वेगळा आणि उपविधी, म्हणजे संस्थेची नोंदणीकृत नियमावली, वेगळी. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 13 नुसार उपविधीतली दुरुस्ती सहकारी संस्थांच्या निबंधकाकडे नोंदली गेल्याशिवाय लागू होत नाही. त्यामुळे 'फक्त कुटुंबालाच भाड्याने' ही ओळ इतिवृत्तात लाल शाईने लिहिली, तरी तिच्या जोरावर गेटवर टेम्पो अडवता येत नाही. 2014 चे आदर्श उपविधी स्वीकारलेल्या संस्थेत तर भाड्याने देण्यासाठी पूर्वपरवानगीच लागत नाही. सभासदाने संस्थेला कळवायचे, नोंदणी झालेल्या लिव्ह अँड लायसन्स कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची, की झाले. करार नोंदवलेला आहे ना, हे मात्र कमिटीने जरूर पाहावे. भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार ती जबाबदारी घरमालकाची आहे आणि ती टाळणे हा गुन्हा आहे.

अशा वेळी 2005 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा दाखला हमखास येतो, 'पारशी सोसायटीला परवानगी मिळाली, मग आम्हाला का नाही?' तो निकाल फक्त पारशांनाच सभासद करण्याच्या, नोंदणीकृत उपविधीतल्या अटीपुरता होता. भाडेकरूच्या ताटात काय आहे आणि त्याच्यासोबत कोण राहते, याचा त्याच्याशी संबंध नाही. दोन सज्ञान व्यक्तींनी लग्नाविना एकत्र राहणे हा गुन्हा नव्हे, हे याच न्यायालयाने 2010 मध्ये सांगितले. 2018 च्या सप्टेंबरात सज्ञानांमधले संमतीचे समलिंगी संबंध भारतीय दंड संहितेच्या कलम 377 च्या कक्षेतून बाहेर काढले आणि व्यभिचाराचे कलम 497 रद्द केले. कोणाला ही राहणी पटेल, कोणाला पटणार नाही. न पटण्याचा हक्क शाबूतच आहे, पण त्याचे दंडाच्या पावतीत रूपांतर करता येत नाही.

पावतीवरून आठवले. 'बॅचलर चार्ज' म्हणून महिना हजार-दोन हजार उकळणे सर्रास चालते. 1 ऑगस्ट 2001 च्या शासन आदेशाप्रमाणे बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो तेव्हा संस्था घेते ते) सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांहून अधिक घेता येत नाही आणि ते मोजताना महापालिकेचे कर वगळायचे असतात. सेवा शुल्क 2500 रुपये असेल, तर वर 250, बस्स. भाडेकरू अविवाहित असो की चार मुलांचा बाप, आकडा तोच.

मग कमिटीने लक्ष घालायचे तरी कशात? जे भिंत ओलांडून शेजाऱ्यापर्यंत पोहोचते, त्यात. माशांच्या वासाची तक्रार घ्या. ती आली की चर्चा थेट खाण्यावर घसरते आणि दोन मिनिटांत जातीवर येऊन थांबते. प्रत्यक्षात बऱ्याचदा दोष चिमणीच्या पाइपचा असतो. तो बाहेरच्या भिंतीवर न काढता डक्टमध्ये सोडलेला असतो आणि बोंबील तळले की वास वरच्या मजल्यांच्या बाथरूमच्या खिडक्यांतून आत शिरतो. त्याच पाइपातून लसणाच्या फोडणीचाही वास जातो, पण त्याची लेखी तक्रार सहसा येत नाही. पाइप बाहेर वळवायला सांगावा. कोलंबीची साले आणि माशांची डोकी झाकणाच्या डब्यात ठेवून, कचरा न्यायच्या वेळीच बाहेर काढायला सांगावीत. रात्री जिन्यात उघडी पिशवी ठेवणे चूकच आहे, मग ती माशांची असो की फणसाच्या चारखंडांची.

आवाजाचेही तसेच. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री दहा ते सहा 45 डेसिबल ही मर्यादा आहे. वाढदिवसाच्या स्पीकरला आणि सत्यनारायणाच्या स्पीकरला ती सारखीच लागू होते. तक्रार लेखी घ्यावी : तारीख, वेळ, काय ऐकू आले, कुठून आले. 'त्या मुली बऱ्या नाहीत' ही तक्रार होत नाही. 'शनिवारी रात्री साडेअकरा ते एक, 402 मधून गाणी' ही होते. मग दुसऱ्या मजल्यावरून खात्री करावी, मालकाला आणि राहणाऱ्याला उपविधीचा क्रमांक लिहून पत्र द्यावे, उत्तराला मुदत द्यावी. गाडे इथेच बिघडते, कारण पत्र लिहिण्याऐवजी सीसीटीव्हीचा तुकडा व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला जातो. त्यावरच्या शेऱ्यांतून भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली बदनामीचा मामला उभा राहू शकतो, आणि तो टाकणाऱ्याच्या अंगाशी येतो. गेटवरच्या रजिस्टरातला 'नाते' हा रकानाही काढून टाकावा. पाहुण्याचे नाव, फ्लॅट क्रमांक आणि वेळ एवढे सुरक्षेला पुरते.

याच इमारतींमध्ये एक उलटी रीत आहे. मुलगी रात्री साडेबाराला परतली, तर वॉचमनच्या वहीत नोंद होते आणि सकाळी तिच्या आईला फोन जातो. शेजारच्या फ्लॅटमधून भांडी आदळल्याचा आणि बाईच्या ओरडण्याचा आवाज आला, तर मात्र 'नवरा-बायकोचा मामला' म्हणून टीव्हीचा आवाज वाढवला जातो. खासगी काय आणि सार्वजनिक काय, याची वाटणी इथे नेमकी उलटी झाली आहे. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, 2005 च्या कलम 4 नुसार हिंसा घडली, घडते आहे किंवा घडेल असे सकारण वाटणारा कोणीही या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो. सद्भावनेने कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या स्त्रीलाही हा कायदा संरक्षण देतो, म्हणजे जिला घर द्यायला कमिटी नकार देते तिलाही. लगेच मदत हवी असेल तर 112, महिलांसाठी 181, मूल असेल तर 1098. हे तीन आकडे लिफ्टशेजारच्या फलकावर लावायला कोणताही ठराव लागत नाही.

— एक वाचक, ठाणे