बाबा, बॅटरी उचलू नका

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

निर्णय आधीच सांगून टाकते, नाहीतर बाबा ओळीओळीत तोच शोधत बसतील. माळीकाकांच्या धाकट्याशी मी बोलले आहे. दर बुधवारी आणि रविवारी तो वाडीवर आपला छोटा ट्रॅक्टर, ढब्बू, चालवेल, गवत कापेल आणि पालापाचोळा ट्रॉलीतून खतखड्ड्यात नेऊन टाकेल. पावसाळा संपेपर्यंतचे पैसे त्याला पोचलेत. किल्ली त्याच्याकडेच राहील.

बाबा, रागावू नका. तुम्हाला आता ट्रॅक्टर जमत नाही असं मी म्हणत नाहीये. लिलावातून आणलेलं ते लाल भंगार तुम्ही उभं केलंत तेव्हा अख्खी रामबाग हसली होती, आणि पुढे त्यातलेच लोक "एक चक्कर मारू द्या ना" म्हणत राऊच्या वाडीवर यायचे. ते मी विसरलेले नाही. पण दोन स्टेंट घातलेला माणूस दहा किलोची बॅटरी वाडीतून गाडीत घालून घरी आणतो, जिना चढवतो, रात्रभर गॅलरीत चार्जरला लावतो आणि सकाळी परत उतरवतो, हे आईच्या तोंडून निसटल्यावर मी पुण्यात बसून काय करायचं? दादालाही विचारलं. तो हो म्हणाला, पण तो सगळ्यालाच हो म्हणतो, तेव्हा राग काढायचा तर माझ्यावरच काढा. माळीकाकांचा मुलगा समजदार आहे, क्लच हळू सोडतो आणि मुख्य म्हणजे तुम्हाला घाबरतो. त्याला पैसे मी देतेय, त्यामुळे पेन्शनला हात लागत नाही. अजून कारणं हवी असतील तर अजून देईन.

आई, तुझं वाडीवर जाणं बंद होणार नाही. उलट आता तिथे तुझ्यासाठी पाठ असलेली उंच खुर्ची असेल, गुडघे दुमडून चटईवर बसायचं नाही. आंब्याखाली ठेवायला सांगितली आहे. थर्मास नेत जा. पोहे डब्यात गार होतात म्हणून तू उपाशी राहतेस हे मला माहीत आहे. तिथे शेगडी आहे, मुलगा गरम करून देईल. वर घालायची शेव वेगळ्या पुडीत ने.

आता ढब्बूबद्दल. बाबा, दोष बॅटरीत नाही असं मला ठामपणे वाटतं. संक्रांतीला सियागंजातून आणलेली नवी बॅटरीसुद्धा उतरतेय. नळाला पाणी येत नाही म्हणून दर वेळी नवी बादली आणण्यासारखं चाललंय हे. चार्जिंगच होत नसणार.

तुम्ही म्हणालात, इंजिन चालू ठेवून बॅटरीची तार काढून पाहिली, इंजिन बंद पडलं नाही, म्हणजे डायनमो ठीक. मिलच्या जुन्या गाड्यांवर ती परीक्षा चालत असेल. ढब्बूला डायनमो नाही. फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाच्या, आतल्या कडेला चुंबकं आहेत आणि त्यांच्या मधोमध स्टेटरची कॉइल बसलेली आहे. चुंबकं फिरली की कॉइलमध्ये एसी तयार होतो, मग रेग्युलेटर त्याचा डीसी करून बॅटरीला देतो. स्पार्क प्लगची ठिणगी मात्र मॅग्नेटोवर, म्हणजे चुंबकावर स्वतःची वीज करणाऱ्या वेगळ्या कॉइलवर चालते, तिला बॅटरी लागतच नाही. तार काढा नाहीतर बॅटरीच उचलून बाजूला ठेवा, इंजिन चालतच राहणार. म्हणून त्या परीक्षेवरून चार्जिंगचं काहीच कळत नाही. वर, चालत्या इंजिनावर बॅटरी सुटली की व्होल्टेज उसळतं आणि रेग्युलेटर जळू शकतो. ती परीक्षा आता बंद. मागे ट्रॉलीच्या हुकाला वेल्डिंग झालं तेव्हा रेग्युलेटरचा प्लग काढला होता का, तेही आठवून ठेवा; वेल्डिंगनेही तो जातो.

हे तुम्हाला मी शिकवतेय याचं मलाच हसू येतंय. रिवाइंडिंगच्या दुकानात शाळेचा गणवेश घालून तुमच्या शेजारी वेढे मोजत बसायचे मी. गिऱ्हाईक आलं की आकडा चुकायचा. तुम्ही न बोलता अख्खी कॉइल उलगडायचात आणि म्हणायचात, "चल मनू, एकपासून." वार्निशचा तो वास फ्रॉकला लागायचा आणि आई धुताना कुरकुरायची. अजूनही कुठे मोटार जळाल्याचा वास आला की आधी तुम्हीच आठवता.

तर किल्ली मुलाकडे, पण मीटर तुमच्याकडे. तपास तुम्ही करायचा, स्टुलावर बसून. वाकायचं, उचलायचं, स्पॅनर लावायचं काम त्याचं. आई खुर्चीत बसून किराण्याच्या वहीत आकडे लिहील. तुम्ही मनातले आकडे सांगता, म्हणून मला तिच्या अक्षरातले हवेत.

सकाळी इंजिन चालू करण्याआधी बॅटरीवर मीटर लावा. 12.6 व्होल्ट असेल तर ती भरलेली, 12.2 म्हणजे साधारण निम्मी. मग पाती बंद, ब्रेक लावलेला, मुलगा सीटवर, आणि इंजिनाला पूर्ण रेस. हळू चालत्या इंजिनावरचं रीडिंग धरायचं नाही, या छोट्या इंजिनांची कॉइल वेगावरच भरते. आता बॅटरीवर 13.8 ते 14.5 दिसायला हवेत. आकडा होता तिथेच राहिला तर चार्जिंग नाही. 15 च्या वर गेला तर रेग्युलेटर बेलगाम झालाय आणि बॅटरीचं पाणी उकळतंय, लगेच इंजिन बंद करा.

लगेच नवा भाग आणायला धावू नका. माझा पहिला संशय अर्थिंगवर आहे, कारण ती शेड गळते. रेग्युलेटरची अर्थिंग त्याच्या बोल्टमधूनच होते. बोल्टाखाली गंज किंवा रंग असेल तर तो बिचारा चांगला असूनही काम करत नाही. मुलाला बोल्ट काढून जागा पॉलिश पेपरने चकचकीत करायला सांगा. इंजिन चालू असताना बॅटरीच्या निगेटिव्हवर मीटरची एक काडी आणि इंजिनाच्या उघड्या लोखंडावर दुसरी धरा. 0.2 पेक्षा जास्त आलं तर अर्थिंगची तार किंवा तिचं टोक खराब आहे. फ्यूज बघा. उंदरांनी तारा कुरतडल्यात का तेही बघा, मागच्या हिवाळ्यात सीटचा फोम त्यांनीच नेला होता.

दुसरा संशय किल्लीच्या स्विचवर. रेग्युलेटरच्या प्लगमध्ये दोन तारा कॉइलच्या आणि तिसरी बॅटरीकडे जाणारी. ढब्बूत ही तिसरी तार स्विचमधून फिरून जाते. किल्ली ऑन, इंजिन बंद, आणि त्या तारेवर बॅटरीइतकेच व्होल्ट दिसले पाहिजेत. तिथे बॅटरीचं व्होल्टेज मिळालं नाही तर रेग्युलेटर जागाच होत नाही. बॅटरी पार झोपलेली असली तरी तेच. म्हणजे तुमच्या कारची जंप वायर लावून सुरू केलेला ढब्बू दिवसभर फिरवला तरी बॅटरी भरेलच असं नाही.

हे सगळं ठीक निघालं तरच कॉइल. इंजिन बंद असताना रेग्युलेटरचा प्लग काढा, मग सुरू करून पूर्ण रेसवर, मीटर एसीवर ठेवून, कॉइलच्या दोन तारांमध्ये मोजा. आपली 15 अँपिअरची आहे, 28 व्होल्ट किंवा वर यायला हवेत. आले तर रेग्युलेटर गेलाय. नाही आले तर स्टेटर. पण त्यासाठी फ्लायव्हील काढायला पुलर लागतो, आणि तो तुम्ही हातात घेणार नाही. शपथ घालते. मेकॅनिकला बोलावू. जळलेली कॉइल तुम्हीच पुन्हा गुंडाळायची म्हणत असाल तर घरी टेबलावर बसून गुंडाळा, चष्मा लावून. वेढे मी फोनवर मोजेन.

रेग्युलेटर बदलायची वेळ आलीच तर "हा बसेल" म्हणून कुणी दिलेला घेऊ नका. जुन्याचा फोटो पाठवा, मी शोधते.

आई, गॅलरीतला चार्जर आजच हलव. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि तू हातभर अंतरावर निरांजन लावतेस. आता बॅटरी घरी येणारच नाही. वाडीच्या पंपघरात खिडकी उघडी ठेवून मुलगा लावेल.

बाबांच्या गोळ्या जेवणाआधीच्या आणि नंतरच्या वेगळ्या डब्यांत ठेव. तुझं बीपी परवा किती होतं ते तू गाळलंस, मला कळलं. ते आकडेही त्याच वहीत लिही.

दिवाळीला येतेय. तिकीट काढलंय.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, बॅटरी काढताना मुलाला आधी निगेटिव्ह काढायला सांगा आणि लावताना निगेटिव्ह शेवटी. आणि जवळ जाण्याआधी पुष्कराजाची अंगठी काढून आईकडे द्या. पॉझिटिव्ह आणि बॉडीच्या मध्ये ती सापडली तर बोट भाजेल. निघत नसेल तर साबण लावा.