हळद चुकली त्या दिवसाचा हिशेब

श्टुटगार्ट,
१२ एप्रिल

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार.

आईला वेगळं लिहीत नाही. तुम्ही वाचून दाखवालच, तिचा चष्मा काही वेळेवर सापडायचा नाही.

फोनवर सगळं सांगून झालंय असं तुम्ही म्हणाल. पण फोनवर तुमचं ठरलेलं असतं, दोन मिनिटं ऐकायचं आणि "बरं, आईशी बोल". फेब्रुवारीत विमान रद्द झालं तेव्हाही तेच. मी विमानतळावरून रडकुंडीला येऊन सांगत होते की दादाच्या हळदीला पोचत नाही, आणि तुम्ही म्हणालात, "जाऊ दे, मिळेल त्या गाडीने ये. कंपनीशी भांडून कुणाचं भलं झालंय?" कराडच्या स्टँडवर सत्तावीस वर्षं कंट्रोलरच्या खिडकीत बसलेल्या माणसाने हे म्हणावं! त्या भांडणाचे पैसे परवा खात्यात जमा झाले. सहाशे युरो, म्हणजे साठ हजारांच्या आसपास. म्हणून हे पत्र.

माझं तिकीट श्टुटगार्टहून थेट मुंबईपर्यंतचं होतं, वाटेत एकदा विमान बदलायचं. पहिलं विमान जेमतेम तासाभराचं, संध्याकाळी सहा पन्नासला सुटणारं. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी मेसेज आला: तांत्रिक कारणाने रद्द. मी तेव्हा वजनकाट्यावर बॅग ठेवून वहिनीची चॉकलेटं काढावीत की माझी चप्पल, या विचारात होते.

विमानतळावर कंपनीच्या काउंटरपुढे ही रांग. माझ्या पुढे नाशिकचे एक आजी-आजोबा. लेकीच्या बाळंतपणाला आलेले, तीन महिने राहून परत निघालेले. जावई त्यांना दाराशी सोडून गेला होता. त्याचं घर दोन तासांवर आणि घरात तान्हं बाळ. विमान रद्द झालंय हे त्यांना रांगेत मीच सांगितलं. कारण तिकीट नाशिकच्या एजंटाने काढलेलं, आणि तिकिटावर फोन नंबर आणि ईमेल दोन्ही एजंटाचेच. मेसेज बिचारा गेला होता त्याच्याकडे. तिकडे तेव्हा रात्रीचे पावणेआठ, दुकानाचं शटर खाली. आजी सारख्या म्हणत होत्या, "आता रात्री इथे बाकावरच बसायचं का हो?" मला तुम्ही दोघंच दिसत होतात.

काउंटरवरच्या मुलीने आजोबांसमोर एक कागद सरकवला. दोनशे युरोचं व्हाउचर, पुढच्या प्रवासासाठी, इथे सही करा. आजोबांनी खिशातलं पेन काढलंसुद्धा. मी मध्ये पडले. बाबा, नुकसानभरपाई रोख किंवा बँकेत द्यायची असते. व्हाउचर चालतं ते प्रवाशाने सही करून कबूल केलं तरच. त्या सहीसाठीच तर तो कागद होता.

तुम्ही नेहमी म्हणायचात ना, खिडकीतल्या माणसाने गाडी फेल केलेली नसते, पण पुढची गाडी कुठली ते त्यालाच ठाऊक असतं. तेच मनाशी धरून मी आवाज चढवला नाही. मागची मंडळी तिच्या अंगावर ओरडत होती, आणि ती कीबोर्डकडे बघत अगदी तुमच्यासारखी बधिर झाली होती. मी म्हटलं, या दोघांना उद्याच्या पहिल्या विमानात जागा, आज रात्रीचं हॉटेल, तिथवर जायची सोय आणि जेवणाची कुपनं हवीत. तिने मान वर केली, "हो, अर्थात," म्हणाली आणि दहा मिनिटांत सगळं छापून दिलं. म्हणजे हे सगळं तिच्या मशीनमध्ये होतंच! आमच्या पुढचे वीस-पंचवीस जण मात्र व्हाउचर घेऊन निघून गेले होते.

हे कुणाच्या मेहरबानीने मिळत नाही. युरोपीय संघाचा २००४ सालचा २६१ क्रमांकाचा कायदा आहे, फेब्रुवारी २००५ पासून लागू. विमान रद्द झालं की पैसे परत घ्यायचे की दुसऱ्या विमानाने जायचं, हे प्रवाशाने ठरवायचं, कंपनीने नाही. थांबावं लागलं तर खाणंपिणं, रात्र काढायची असेल तर हॉटेल आणि तिथली ने-आण कंपनीच्या खर्चाने. दोन फोनही फुकट. आणि गंमत म्हणजे कायद्यात फोनऐवजी टेलेक्स किंवा फॅक्स पाठवायचीही मुभा लिहिली आहे. टेलेक्स! आता कुठल्या विमानतळावर तो शोधायचा?

भरपाई याहून वेगळी. विमान रद्द होतंय हे चौदा दिवस आधी कळवलं असेल तर ती नाही. त्याहून उशिरा कळवलं, आणि जवळपास त्याच वेळेला पोचवणारं दुसरं विमानही दिलं नाही, तर अंतराप्रमाणे पैसे: १५०० किलोमीटरपर्यंत २५० युरो, त्यापुढे ४००, आणि संघाबाहेरचा प्रवास ३५०० किलोमीटरच्या वर असेल तर ६००. तिकिटाचा दर काय होता याच्याशी संबंध नाही. माझं रद्द झालेलं विमान तासाभराचं, मग २५० च मिळायला हवेत असं मलाही वाटलं होतं. पण तिकीट एकच असलं की अंतर निघालो तिथपासून शेवटच्या मुक्कामापर्यंत धरतात. कराड-पुणे गाडी फेल झाली आणि हिशेब मात्र नागपूरपर्यंतचा, असं समजा. स्वस्त पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली असती, तर पुढचं मुंबईचं विमान चुकलं हे माझं मी बघायचं होतं.

कंपनी सुखासुखी देत नाही, ते तुमचं खरं. मी अर्ज केल्यावर पाच आठवड्यांनी उत्तर आलं: असाधारण परिस्थिती, सबब भरपाई देय नाही. हा त्यांचा हुकमाचा पत्ता. वादळ, पक्ष्याची धडक, विमानतळच बंद, असं काही असेल तर भरपाई खरंच मिळत नाही. पण खाणं आणि हॉटेल तेव्हाही चुकत नाही. २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीची राख पसरून युरोपभर विमानं थांबली होती; तेव्हाच्या एका दाव्यात युरोपीय संघाच्या लक्झेंबर्गमधल्या न्यायालयाने सांगितलं की आठवडाभर अडकलेल्या प्रवाशाचाही वाजवी खर्च कंपनीनेच द्यायचा. तांत्रिक बिघाडाचा निकाल त्याआधीचा, २००८ चा. व्हिएन्नाची एक बाई नवऱ्याला आणि मुलीला घेऊन रोममार्गे ब्रिंडिसीला निघाली होती, सुटायला पाच मिनिटं असताना विमान रद्द. कारण इंजिनातला बिघाड. न्यायालय म्हणालं, विमानं चालवायची म्हटलं की यंत्रं बिघडणारच, ते तुमचं रोजचं काम आहे. त्यात असाधारण काही नाही. गाडी पंक्चर झाली म्हणून एसटीने आकाशाकडे बोट दाखवायचं नाही, एवढाच अर्थ.

एक निकाल मात्र वाचून मी थोडी गप्प झाले. तो आमच्या या श्टुटगार्टचाच. जुलै २०१९, पहाटे सहाचं लिस्बनचं विमान. त्या आधी दोन तास सहवैमानिक हॉटेलच्या खोलीत मरून पडलेला सापडला. बाकीचे कर्मचारी हादरले, उडायला तयार होईनात, विमान रद्द. २०२३ मध्ये न्यायालयाने ठरवलं की हेही असाधारण नाही; माणूस आजारी पडणं, मरणं हे कुठल्याही नोकरीत यायचंच, माणसांची व्यवस्था लावणं कंपनीचं काम. कायद्याने बरोबरच असेल. पण पाटील कंडक्टर ड्यूटीवर असताना वारले त्या दिवशी तुम्ही खिडकी बंद करून मागे जाऊन बसला होतात, आणि बाहेर प्रवासी ओरडत होते, ते मला आठवतं. मी सहावीत होते. तुमच्यासाठी डबा घेऊन आले होते.

असो. मी कंपनीला चार ओळी लिहिल्या: २००८ चा निकाल, कोणता बिघाड ते लेखी कळवा, चौदा दिवसांत पैसे आले नाहीत तर बर्लिनच्या तडजोड संस्थेकडे जाते. ती प्रवाशांकडून काही घेत नाही. (पैसे वसूल करून देणाऱ्या खाजगी कंपन्याही आहेत, पण त्या आपला मोठा वाटा कापून घेतात.) उत्तरात व्हाउचरच आलं, तीनशेचं. मी परत तेच पत्र पाठवलं, तारीख तेवढी बदलून. मग पैसे आले. बिघाड कोणता ते शेवटपर्यंत सांगितलं नाहीच.

आता तुमच्या जूनच्या तिकिटाचं. दादा म्हणतो तुम्ही शिवाजी चौकातल्या एजंटाकडे जाणार आहात. जा, पण पैसे देण्याआधी तिकिटावर तुमचा स्वतःचा नंबर आणि माझा ईमेल घालायला लावा. आपल्याकडच्या नियमातही हे अडतं, कारण प्रवाशाने संपर्काची माहितीच दिली नसेल तर भरपाई मिळत नाही. आणि हा इकडचा कायदा मुंबईहून येताना फक्त युरोपीय संघातल्या कंपनीला लागू होतो. परत जाताना श्टुटगार्टहून निघालात की कंपनी कुठलीही असो, आखाती, आपली, लागूच. येताना भारतीय कंपनीने आलात तर डीजीसीएचे, म्हणजे आपल्या विमान वाहतूक खात्याचे नियम. तिथे विमान रद्द झाल्याची भरपाई जास्तीत जास्त दहा हजार रुपये, आणि एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधनाचा आकार त्याहून कमी असेल तर तेवढीच. म्हणून दोन-तीन हजार जास्त पडले तरी युरोपीय संघातली कंपनी घ्या, येणं-जाणं एकाच तिकिटावर. परतीचं तिकीट व्हिसाच्या शेवटच्या दिवसाचं नको, चार दिवस हाताशी ठेवा. आईची बीपीची गोळी हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही. नाशिकच्या आजींच्या गोळ्या चेक-इन केलेल्या बॅगेत होत्या, आणि ती बॅग परत मिळवायला आम्हाला दीड तास लागला.

काल दादाने अल्बमचे फोटो पाठवले. हळदीच्या सगळ्या फोटोंत करा धरून मावशीची पिंकी उभी आहे, माझा मोरपंखी शालू नेसून. शालू तिला शोभतोय, हे आईला सांगू नका, ती लगेच देऊन टाकेल. वहिनीने मला ओळखलं ते मंगलाष्टकं चालू असताना, बॅगेसकट मांडवात शिरले तेव्हा. त्या तासांना कुठल्या कलमात जागा नाही.

पैशांतून तुमच्या दोघांच्या तिकिटाचा अर्धा भाग मी भरणार आहे, नाही म्हणू नका. एजंटाने कच्चं तिकीट दिलं की त्याचा फोटो आधी मला पाठवा, मगच हो म्हणा.

तुमची,
सुमी

ता. क. नाशिकच्या आजोबांचा फोन आला होता. मी त्यांचाही अर्ज भरून दिला होता. दोघांचे मिळून बाराशे युरो मंजूर झाले, पण ते पत्रही एजंटाच्याच ईमेलवर गेलं. तो आता दहा टक्के सर्व्हिस चार्ज मागतोय. आजोबा विचारत होते, याच्यावर पण काही कायदा आहे का?