मुलांसमोर कोणता खेळाडू ठेवावा? : मित्रास पत्र

पुणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. तुझ्या क्रिकेट प्रशिक्षण केंद्राच्या नव्या खोलीत मुलांच्या रोज नजरेस पडतील अशी चार-पाच खेळाडूंची छायाचित्रे लावायची आहेत, पण ती कोणाची असावीत यावर तुमच्या समितीत एकमत होत नाही, असे तू लिहिले आहेस. खेळाडूचा खेळ तेवढा पाहावा, त्याच्या वागण्याशी आपल्याला काय करायचे आहे, असे समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे आहे. वरवर पाहता ते समंजसपणाचे वाटते, पण मला ते मान्य नाही. का मान्य नाही, हे नीट सांगावे म्हणून हे लांबलचक पत्र लिहितो आहे.

बारा-तेरा वर्षांचा मुलगा खेळाडूकडून केवळ खेळ उचलत नाही. पुढचा पाय कुठे टाकावा, कोपर किती वर असावे, हे तू त्याला शिकवतोस. बाद झाल्यावर पंचाकडे कसे पाहावे, जिंकल्यावर समोरच्याच्या तोंडावर जाऊन ओरडावे की त्याचा हात हातात घ्यावा, हे मात्र तो दूरचित्रवाणीवर पाहून शिकतो, आणि ते शिकवण्याची परवानगी त्याने तुझ्याकडे किंवा आईवडिलांकडे मागितलेली नसते. त्यामुळे खेळाडू आदर्श असावेत की नसावेत, हा प्रश्न आपल्या हाती राहिलेलाच नाही. मुलांनी त्यांना आदर्श करून टाकलेले असते. त्यांतील कोणाकडे बोट दाखवून ‘याचे पाहा’ असे म्हणायचे, एवढेच आपल्या हाती उरते.

माझी कसोटी साधी आहे. नीट वागण्यासाठी पदरचे काही गमवावे लागले तेव्हा त्या खेळाडूने काय केले, ते मी पाहतो. गोड बोलणे आणि रुग्णालयातील मुलांना भेटी देऊन छायाचित्रे काढून घेणे यांत वाईट काही नाही, पण त्यासाठी फारसे मोजावे लागत नाही. राहुल द्रविड एका विज्ञान प्रदर्शनात आपल्या मुलांना घेऊन सर्वांसारखा रांगेत उभा असल्याचे छायाचित्र २०१७ मध्ये खूप फिरले होते. लोकांना त्याचे केवढे कौतुक वाटले! मला उलट वाटले की रांगेत उभे राहणे हे नागरिकाचे साधे कर्तव्य आहे, त्याचे एवढे अप्रूप वाटावे ही आपल्या समाजाची उणीव आहे. द्रविडचे मोठेपण मला दिसते ते दुसऱ्याच ठिकाणी.

फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यूझीलंडमधील माउंट माँगनुई येथे आपल्या एकोणीस वर्षांखालील संघाने ऑस्ट्रेलियाला आठ गडी राखून हरवले आणि विश्वचषक जिंकला. आपल्या विरारचा पृथ्वी शॉ कर्णधार होता आणि द्रविड मुख्य प्रशिक्षक. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने लगेच बक्षिसे जाहीर केली : द्रविडला ५० लाख, प्रत्येक खेळाडूला ३० लाख आणि सहायक मंडळींपैकी प्रत्येकाला २० लाख रुपये. रकमा पाहून कोणालाही आनंदच झाला असता. द्रविडने मात्र हा फरक कशासाठी, असा प्रश्न केला. गोलंदाजीचा आणि क्षेत्ररक्षणाचा प्रशिक्षक, शारीरिक उपचार करणारा, व्यायाम करून घेणारा, या सर्वांनी सारखेच राबून संघ उभा केला असेल, तर मुख्य प्रशिक्षकाला अडीचपट का द्यायचे, असे त्याचे म्हणणे होते. शेवटी मंडळाने रकमा बदलल्या आणि द्रविडसह सहायक मंडळींतील प्रत्येकाला २५ लाख रुपये मिळाले. स्वतःचे निम्मे बक्षीस त्याने स्वतःहून सोडले. मला त्याहून मोलाची वाटणारी गोष्ट अशी की, स्पर्धेच्या वेळी संघाबरोबर नसलेल्या, पण त्याआधीच्या वर्षभरात त्या मुलांवर मेहनत घेतलेल्या लोकांचीही नावे या यादीत आली. त्यांत संघाचे व्यायाम-प्रशिक्षक राजेश सावंत होते. २०१७ च्या जानेवारीत, संघ मुंबईत असतानाच त्यांचे निधन झाले होते. विजयाच्या गडबडीत गेलेल्या माणसाची आठवण ठेवून त्याचा वाटा बाजूला काढला जातो, हे मुलांना सांगण्यासारखे आहे की नाही, तूच सांग.

त्या विश्वचषकाच्या आधीच्या वर्षी बंगळूरु विद्यापीठाने देऊ केलेली मानद डॉक्टरेट द्रविडने नम्रपणे नाकारली होती. खेळाच्या क्षेत्रात संशोधन करून ती पदवी मिळवायला आवडेल, एवढेच त्याने कळवले. यावर मी अधिक लिहीत नाही, कारण तुझ्या मुलांना पदव्यांपेक्षा धावा लवकर कळतात.

म्हणून मैदानावरचे सांगतो. मार्च २००४, पाकिस्तानातील मुलतान. सौरव गांगुली जखमी असल्यामुळे द्रविड कर्णधार होता. सेहवागने ३०९ धावा केल्या होत्या, सचिन १९४ वर, म्हणजे द्विशतकाला सहा धावा कमी असताना, खेळत होता आणि द्रविडने ५ बाद ६७५ वर डाव घोषित केला. त्या संध्याकाळी देशभर जो गहजब झाला, तो आपण दोघांनीही पाहिला आहे. सचिन नाराज झाला होता आणि त्याने ते लपवलेही नाही. डाव आणखी काही षटके चालू ठेवायला हवा होता की नाही, यावर आजही वाद घालता येईल, आणि माझे मत अजूनही सचिनच्या बाजूने झुकते. पण सामना आपण एक डाव आणि ५२ धावांनी जिंकला. त्याच मालिकेतील रावळपिंडीच्या कसोटीत द्रविड स्वतः बारा तासांहून अधिक वेळ खेळला, २७० पर्यंत पोहोचला आणि त्रिशतक समोर दिसत असताना, संघाला झटपट धावा हव्यात म्हणून, इम्रान फरहातसारख्या कामचलाऊ गोलंदाजाला रिव्हर्स स्वीप मारायला जाऊन त्रिफळाचीत झाला. मुलतानचा निर्णय चूक की बरोबर, ते बाजूला ठेव. दुसऱ्याच्या सहा धावांना लावलेला नियम त्याने स्वतःच्या तीस धावांनाही लावला, हे मला महत्त्वाचे वाटते. पाकिस्तानात आपण जिंकलेली ती पहिली कसोटी मालिका, आणि त्या मालिकेनंतरही या दोघांनी वर्षानुवर्षे एकत्र फलंदाजी केली.

द्रविडची उणी बाजूही मुलांपासून लपवू नकोस, ही माझी कळकळीची विनंती आहे. त्याच वर्षी जानेवारीत ब्रिस्बेनमध्ये झिंबाब्वेविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात तो चघळायच्या गोळीचा रस चेंडूला लावताना कॅमेऱ्यात दिसला आणि सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी त्याच्या मानधनातील निम्मी रक्कम दंड म्हणून कापली. खेळाडूला देव करून भिंतीवर टांगले, की त्याची पहिली चूक उघड होताच मुले एक तर चूक नाकारतात, नाही तर माणसालाच टाकून देतात. चूक झाली, शिक्षा झाली, ती भोगली आणि पुढची कैक वर्षे नीट वागून दाखवले, ही हकीकत मुलांच्या अधिक उपयोगाची आहे, कारण चुका त्यांच्याही होणार आहेत.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे पत्र मुख्यतः लिहायला घेतले, तिच्याकडे येतो. डिसेंबर २०१५ मध्ये दिल्लीत द्रविडने मन्सूर अली खान पतौडी स्मृती व्याख्यान दिले. निवृत्त खेळाडू अशा प्रसंगी आठवणी सांगतात, टाळ्या घेतात आणि खाली बसतात. द्रविडने मात्र वय चोरण्याचा विषय काढला. वयोगटाच्या स्पर्धांसाठी मुलांचे वय कमी दाखवले जाते, त्यामुळे प्रामाणिक आणि कदाचित अधिक गुणी मुलाची जागा जाते, हे तर त्याने सांगितलेच. पण त्याचा खरा रोख पुढे होता. आपले आईवडील आणि प्रशिक्षकच खोटा जन्मदाखला करत आहेत, हे जो मुलगा पाहतो, तो लबाडीच शिकणार नाही काय? चौदाव्या वर्षी ज्याला खोटे बोलायला आपणच शिकवले, त्याने पंचविशीत पैसे घेऊन सामना विकला तर केवळ त्यालाच कसे दोषी धरायचे? या आशयाचे प्रश्न त्याने भर सभेत, मंडळाच्या पदाधिकाऱ्यांसमोर विचारले. तो त्या वेळी मंडळाच्याच कनिष्ठ संघांचा प्रशिक्षक होता, हे लक्षात घे. पुढच्याच वर्षी मंडळाने एका खेळाडूने एकोणीस वर्षांखालील विश्वचषक एकदाच खेळावा असा नियम केला. द्रविड राष्ट्रीय क्रिकेट अकादमीचा प्रमुख असताना, २०२० मध्ये, खोटे वय नोंदवल्याचे जे खेळाडू स्वतःहून कबूल करतील त्यांना खऱ्या वयोगटात खेळू द्यायचे आणि जे लपवतील त्यांच्यावर दोन वर्षांची बंदी घालायची, अशी योजनाही आली. कबूल करणाऱ्याला परतीची वाट ठेवणारी ती योजना मला अतिशय शहाणपणाची वाटली.

हे सगळे तुला सांगण्याचे कारण तू जाणतोसच. तुझ्याकडे येणारे काही पालक एकाच मुलाचे दोन दाखले खिशात घेऊन फिरतात, असे तूच मागे लिहिले होतेस. एक शाळेसाठी आणि एक निवड चाचणीसाठी. मनगटाचे क्ष-किरण छायाचित्र काढून हाडांवरून वयाचा अंदाज घेण्याची पद्धत मंडळाने वापरात आणली, म्हणून वरच्या पातळीवर काही लबाड्या सापडतात. तालुक्याच्या मैदानावर असे यंत्र नसते. तेथे फक्त तू असतोस. ज्या खोलीत द्रविडचे छायाचित्र लावायचे, त्याच खोलीतल्या टेबलावर खोटा दाखला स्वीकारायचा, हे मुलांच्या डोळ्यांना लगेच दिसते. आपण किती बोलतो आणि किती पाळतो, याचा हिशेब मुलांइतका काटेकोरपणे कोणीही ठेवत नाही.

जाहिरातींविषयी तू विचारले आहेस, तेही लिहितो. १९९६ च्या विश्वचषकात सर्वाधिक, ५२३ धावा करणाऱ्या सचिनच्या बॅटवर कोणत्याही कंपनीचे नाव नव्हते, हे तुला आठवत असेल. त्या काळी अनेक बॅटींवर सिगारेटच्या कंपन्यांची नावे झळकत होती आणि सचिनच्या कोऱ्या बॅटसाठी त्यांनी काय मोजायची तयारी दाखवली असती, याची कल्पना करता येते. दारू आणि तंबाखूची जाहिरात करायची नाही, असा शब्द त्याने वडिलांना, प्राध्यापक रमेश तेंडुलकरांना दिला होता आणि तो त्याने पाळला. आपल्याकडे एखाद्या मराठी प्राध्यापकाच्या घरातला शब्द कोट्यवधींच्या व्यवहाराला पुरून उरला, याचा मला आजही अभिमान वाटतो. २००१ मध्ये ऑल इंग्लंड बॅडमिंटन स्पर्धा जिंकून आलेल्या पुल्लेला गोपीचंदने शीतपेयाची जाहिरात नाकारली, तेव्हा तो काही गर्भश्रीमंत नव्हता. पुढे हैदराबादला अकादमी उभारताना त्याला राहते घर गहाण ठेवावे लागले. जे मी स्वतः पीत नाही, ते मुलांना प्यायला सांगणार नाही, एवढेच त्याचे कारण होते. त्याच्याच हाताखाली सायनाने २०१२ मध्ये ऑलिंपिकचे कांस्य आणि सिंधूने २०१६ मध्ये रौप्य मिळवले.

महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे आणि तरीही त्याच कंपन्यांची नावे वेलचीच्या किंवा मुखशुद्धीच्या डब्यांवरून, नामवंत खेळाडूंच्या हसऱ्या चेहऱ्यांसह आपल्या मुलांपर्यंत पोहोचतात. मी येथे नावे लिहीत नाही, कारण त्यांतील काहींच्या खेळावर आपण दोघांनी जीव टाकला आहे. पण ज्याच्याकडे पैशाची ददात नाही, त्याने असे पैसे घ्यावेत याचे मला मनापासून दुःख होते.

क्रिकेटबाहेरचा एक तरी खेळाडू घेच. माझे मत भालाफेकपटू नीरज चोप्राला आहे. टोकियो ऑलिंपिकच्या सुवर्णपदकानंतर, अंतिम फेरीत पाकिस्तानच्या अर्शद नदीमने त्याचा भाला हातात घेतला होता एवढ्यावरून काही लोकांनी विखार पसरवला. त्या वेळी नीरज लोकप्रियतेच्या शिखरावर होता, आणि गप्प राहिला असता तरी त्याचे काही बिघडले नसते. त्याने चित्रफीत काढून स्पष्ट सांगितले की भाला कोणीही वापरू शकतो, त्यात नियमबाह्य काही नाही, आणि माझे नाव घेऊन असला प्रचार करू नका. २०२३ मध्ये लैंगिक छळाच्या तक्रारींवर कारवाई व्हावी म्हणून महिला कुस्तीपटू दिल्लीत रस्त्यावर बसल्या, तेव्हाही त्यांच्यासाठी उघडपणे बोललेल्या मोजक्या खेळाडूंत तो होता. आपल्या अनेक मोठ्या क्रिकेटपटूंनी तेव्हा मौन पाळले. ते मौन मला फार बोचले, आणि तुझ्या केंद्रात आता मुलीही येऊ लागल्या आहेत, म्हणून ते तुलाही बोचले पाहिजे असे मला वाटते.

तर माझी नावे झाली : द्रविड, सचिन, गोपीचंद, नीरज. पाचवी जागा तू एखाद्या महिला खेळाडूसाठी ठेव आणि ती मुलींनाच निवडू दे. समितीतील त्या ज्येष्ठ सदस्यांना हे पत्र वाचून दाखवायला माझी हरकत नाही; त्यांच्या मताविषयी मला आदर आहे आणि त्यांचे उत्तर वाचायला आवडेल. पुढच्या महिन्यात निवड चाचणी आहे, तिच्या आधी पालकांची सभा घे आणि जन्मदाखल्यांची तपासणी त्या सभेतच, सर्वांसमोर करणार असल्याचे जाहीर कर. दोन-चार मुले केंद्र सोडून जातील आणि त्यांत तुझा एखादा चांगला गोलंदाजही असेल, याची मला जाणीव आहे. तरीही कर. त्या सभेला मी येऊ शकतो. तारीख ठरली की कळव.

सौ. वहिनींना नमस्कार आणि मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझा स्नेहांकित मित्र